भुरीचं सलाईन आणि माझं खोटं

"किडन्या जवळजवळ गेल्यात हिच्या," असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले तेव्हा आमची भुरी मांजर टेबलावर पोत्यात होती आणि पोतं थरथरत होतं. डॉक्टरांच्या हातात पुण्याहून आलेला रक्ताचा रिपोर्ट होता. क्रिॲटिनिन फार वाढलं होतं. क्रिॲटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, तो लघवीवाटे बाहेर जायला हवा. आजाराचं नाव क्रॉनिक रीनल फेल्युअर, म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं हळूहळू निकामी होणं. हा बरा होत नाही, पण सलाईन देत राहिलात तर वर्षभर सुखानं काढेल, असं ते म्हणाले. भुरीला तेरावं वर्ष लागलं होतं.

ही दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. वारूळवाडीत आमची पिठाची गिरणी आहे. भुरी लहानाची मोठी तिथंच झाली. ती सारखी पाणी पिऊ लागली, खाल्लेलं ओकू लागली, हात फिरवला की पाठीचे मणके मोजता यायला लागले, तेव्हा मी दवाखान्याचं मनावर घेतलं. लोकांना हसायला विषय मिळाला. एक बाई म्हणाली, "मांजराला कुठं दवाखाना असतोय व्हय? दूध किती देती तुमची भुरी?" तिचं दळण मी दोन दिवस तसंच ठेवलं.

सलाईन सबक्युटेनिअस द्यायचं होतं, म्हणजे शिरेत नाही, मानेमागच्या सैल कातडीखाली. आठवड्यातून दोनदा. एवढ्याशा सुईचं काम, पण ते करायला तिला न्यायचं कसं? मी दुधाची वाटी ठेवायची, लाडानं हाक मारायची, ती आली की मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, गिरणीतलं पोतं पुढं करायचं. मग एम-एटी गाडीवर मागं बसून पोतं मांडीवर. वाटभर ती जे ओरडायची, ते मांजराचं ओरडणं वाटायचंच नाही.

दवाखान्यात पुढं गाई अडकवायचा लोखंडी खोडा, त्याला खेटून बाकडं, बाकड्याखाली कुणाचं तरी कुत्रं. तिथं पाऊण तास बसायचं. नंबर आला की कंपाउंडर पोतं टेबलावर उलटं करायचा. भुरी मुतायची, चावायची. तो तिची मान टेबलावर दाबून म्हणायचा, "लई माजलंय राव हे मांजर." मला त्याचा राग यायचा. त्याहून जास्त भुरीचा यायचा. तुझ्याच भल्याचं करतोय आम्ही, आणि तू चार लोकांत लाज आणतेस, असं मी तिला खरोखर तोंडावर म्हणाले. मरायला टेकलेल्या जिवाला.

दुसऱ्या सलाईनला डॉक्टरांनी तिच्या छातीला तपासायची नळी लावली आणि विचारलं, "मावशी, पोत्याला ही एवढी का भिते? पूर्वी कधी पोत्यात घालून काही केलं होतं का?"

"नाय," मी म्हणाले.

तिसऱ्या खेपेला पोतं सोडलं तर भुरी बाहेरच येईना. जीभ निळसर, तोंड उघडं, कुत्र्यासारखी धापा टाकत होती. मांजर तोंडानं धापा टाकायला लागलं की ते संकट असतं, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, खिडक्या लावल्या, तिच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी धरली. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाले, "आज वाचली. पण असंच आणत राहिलात तर ही आजारानं नाही, दवाखान्यानं मरेल."

तेव्हा मालक बोलले. आयुष्यात कधी माझ्या आधी बोलले नाहीत, ते बोलले.

"सोडली व्हती आमी हिला, डॉक्टर. पोत्यात घालून. नदीच्या पल्याड."

खरं होतं ते. दहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला बाजरीच्या पिठात मांजराचा केस सापडला आणि त्यानं गावभर बोंब केली. गावात मांजर नकोसं झालं की पोत्यात घालतात, लांब नेऊन सोडतात. आम्हीही तेच केलं. नवव्या दिवशी फाटका कान घेऊन ती गिरणीच्या दारात हजर. मग आम्ही कौतुकानं तिला ठेवून घेतलं. पण मालकांनी सांगितलं नाही ते मला तिथं सांगावं लागलं. ती माझ्याशिवाय कुणाकडं जात नव्हती. दूध दाखवून हाक मी मारली होती. पोत्याचं तोंड मी बांधलं होतं.

डॉक्टर चिडले. पोराच्या वयाचा माणूस, पण मला शाळेतल्या पोरीसारखं बोलले. "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? ती प्रत्येक वेळी समजतेय की तुम्ही तिला पुन्हा टाकायला निघालात." जनावराला बोलता येत नाही म्हणून त्याचा इतिहास आपल्याला विचारतात, आणि मी तो स्वतःची अब्रू राखायला लपवला होता.

दोन आठवडे सलाईन बंद. डॉक्टर म्हणाले, धोका आहे, पण भीती त्याहून मोठी आहे. नारायणगावच्या बाजारातून मालकांनी टोमॅटोची दोन प्लास्टिकची क्रेट आणली. एकात माझी वापरलेली, न धुतलेली साडी अंथरून ते घरात ठेवून दिलं. तिची वाटी रोज त्यात. चार दिवस ती लांबूनच बघत होती. पाचव्या दिवशी आत जाऊन झोपली. मग दुसरं क्रेट वर उपडं ठेवून सुतळीनं बांधायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. मग एम-एटीवर वेशीपर्यंत, आणि परत. सुई नाही, दवाखाना नाही, नुसतं परत यायचं. लोक बघून हसायचे. एकदा मालकांनी गाडी थांबवून एकाला सुनावलं, "तुझ्या घरी पावणंबी येत न्हाई, आमी मांजर फिरवतो. तुला काय तरास?"

नंतर आम्ही भर दुपारी जायला लागलो, जेव्हा गाई नसत. बाकड्यावर न बसता दवाखान्याबाहेरच्या कडुलिंबाखाली थांबायचं, क्रेटवर टॉवेल टाकून. डॉक्टर स्वतः बाहेर यायचे, फक्त वरचं क्रेट काढायचे आणि साडीतच बसलेल्या भुरीला सलाईन द्यायचे, बाटली कोमट करून. कंपाउंडरनं जवळ यायचं नाही, असं मी बजावलं होतं. पुढं त्यांनी मलाच सुई टोचायला शिकवलं. भुरी त्यानंतर चौदा महिने जगली आणि घरातच गेली.

तुमच्या घरी म्हातारं मांजर असेल, तर आजच एखादं क्रेट काढून ठेवा आणि डॉक्टरांना सगळं खरं सांगा, लाज वाटेल तेही. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण राग गेलेला नाही, आणि तो कुणावर हे मला नीट माहीत आहे.

लोक म्हणतात, मांजराला घराचा लळा असतो, माणसाचा नसतो. भुरी नवव्या दिवशी आली तेव्हा मीही तेच म्हणून मोकळी झाले होते. लिंबाखाली पहिल्यांदा वरचं क्रेट काढलं तेव्हा तिनं इकडंतिकडं पाहिलं, आणि पोत्याचं तोंड बांधणाऱ्या या हातात डोकं खुपसलं. तिथं तर घर नव्हतं.