येरमाळ्याच्या घाटात दोन ठोके

येरमाळ्याच्या घाटात येडाई देवीनं माझी मोटार राखली, असं आमच्याकडं अजून सांगतात. मी ऐकतो आणि गप्प बसतो. आईनं राखलं यात मला शंका नाही; पण काय राखलं, हे सांगायचं तर आधी माझं पाप सांगावं लागतं. त्यालाच मी वीस वर्षं भीत आलो. आज लिहून टाकतो.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती. मी धाराशिवहून सर्व्हिस मोटार चालवायचो. लढाईतून निघालेली जुनी लॉरी, तिच्यावर लाकडी टप, आत बाकं. तिचे ब्रेक तेलाचे होते. पेडल दाबलं की नळीतलं तेल जोर करायचं आणि चाकं थांबायची. नळीत हवा शिरली की पेडल भिजल्या कापसासारखं मऊ पडे. ती हवा काढायला दोन माणसं लागत. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी निजून नट सैल करायचा. बुडबुड्यांसकट तेल बाहेर येई. नट पुन्हा आवळला की मगच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा उलट आत.

चैत्री पुनवेच्या यात्रेला मोटार न्यायची होती. आदल्या संध्याकाळी गॅरेजचे मिस्त्री दस्तगीरचाचा चाकाखाली निजले होते आणि मी पेडलवर होतो. मला गाडी शिकवली ती त्यांनीच. शेवटचं चाक चाललं होतं. रस्त्यानं हलगी वाजत चालली होती, ती बघायला मी दारातून वाकलो आणि पाय उचलला गेला. खालून चाचांनी विचारलं, "छोड्या क्या रे?"

"न्हाय चाचा, धरलंय," मी म्हणालो. खरं सांगितलं असतं तर ते चाक पुन्हा करावं लागलं असतं आणि मला घरी जायची घाई होती. खोटं बोलायला कारण लागलं ते एवढंच.

सकाळी तीसेक माणसं भरून निघालो. पेडल जरासं मऊ लागत होतं, दोनदा मारलं की धरायचं. येडशीच्या पुढं, घाटाचा उतार लागायच्या अलीकडं, ते एकदम तळाला टेकलं. गिअर टाकला, हातब्रेक ओढला आणि मोटार शेताच्या बांधात घातली. धुरळा उडाला, बायका ओरडल्या; पण खरचटलंसुद्धा नाही कुणाला.

माझ्या शेजारी लोहाऱ्याचे एक व्यापारी बसले होते, मल्लाप्पा शेटजी. खाली उतरून त्यांनी विचारलं, "काय झालं, डायवर?"

"ब्रेकात हवा शिरलीया."

"काम कुणी केलतं?"

"दस्तगीर मिस्त्रीनं."

"हं. मग बरोबर हाय."

दिवस असे गढूळ होते की नुसतं मुसलमानाचं नाव पुरायचं. कुणीतरी म्हणालं, मुद्दाम ठेवली असणार. दुसरा म्हणाला, उद्या परत गेल्यावर बघू त्याला. काहींच्या हातात काठ्या होत्या. शेटजींनी माझ्याकडं पाहिलं आणि मी मान हलवली. तोंडानं हो म्हणालो नाही, पण मान हलवली. सुरुवातीला पाप म्हणालो ते हेच.

पेटीत ब्रेकच्या तेलाची अर्धी बाटली होती. मी चाकाखाली शिरलो आणि एकाला पेडलवर बसवलं. नट सैल झाला की दाबलेला पाय आत जातो. त्यानं तो घाबरून उचलला. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसरा माझी हाक ऐकायच्या आधीच "झालं का?" म्हणत उठला. वर हलगी, संबळ, येडाईचा गजर. माझा आवाज कुणाला जातोय? बाटलीत बोटभर तेल उरलं. दुसरं कुठलं तेल घातलं तर आतलं रबर फुगतं. बोटभरच, बस्स.

रस्त्याच्या कडेला घिसाड्यांचं, फिरत्या लोहारांचं, पाल होतं. नवरा नांगराच्या फाळाला धार काढत होता आणि त्याची बायको घण मारत होती. आमचा गोंधळ ती मघापासून बघत असावी. घण ठेवून ती आली आणि वाकून मला म्हणाली, "डायवर, हाका मारू नगा. ठोका द्या. आमचा मालक बोलतच न्हाय, ऐरणीवर ठोका देतो. एका ठोक्याला दाबीन, दोनाला सोडीन."

"अगं, ही मोटार हाय, तुझी भट्टी न्हवं," शेटजी हसले.

"व्हय की. म्हणून तर तुमचं तीन गडी थकलं," ती म्हणाली आणि पदर खोचून डायवरच्या जागेवर चढली. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

मी पान्यानं एक ठोका दिला. तिनं दाबलं. नट सैल केला, पाय आत गेला असणार, पण ती हलली नाही. नळीतून फसफसत बुडबुडे आले. नट आवळला, दोन ठोके, तिनं सोडलं. पुन्हा एक. काय सांगू! दिसत नसलेली ती बाई माझ्याच हाताचा भाग झाल्यासारखी वागत होती. एकेक चाक होत गेलं. शेवटच्या चाकाला बुडबुडे संपले आणि स्वच्छ तेलाची धार आली. मी नट आवळला. आता दोन ठोके द्यायचे होते.

हात उचललाच गेला नाही. चाकाजवळच उभे राहून शेटजी कुणाला तरी सांगत होते, की मिस्त्रीच्या घरी आधी दोघं जातील, बाकीचे मागून. मी ऐकत पडून राहिलो. मोटारीचा पत्रा बारीक थरथरायला लागला. तिचा पाय थरथरत होता.

"सोड की बाई, झालं," कुणीतरी म्हणालं.

"त्येंचा ठोका न्हाय आला."

एवढंच ती म्हणाली. दस्तगीरचाचांनी आदल्या दिवशी माझ्यावर असाच भार टाकला होता. चाकाखालूनच मी जीव खाऊन ओरडलो, "मिस्त्रीनं काय केलं न्हाय. पेडलवर म्या हुतो. पाय म्या उचलला, आन् खोटं बोललो." आणि मग दोन ठोके दिले.

वरचा गजर थांबला. बाहेर आलो तेव्हा शेटजी लांब उभे राहून म्हणाले, "आन् मघाशी मान कशापायी हलवलीस?" मी पाना पुसून पेटीत टाकला. दहाबारा जण शिव्या देत पायीच निघाले. बाकीचे मुकाट्यानं चढले. घिसाडणीनं मजुरी म्हणून बाकाखाली पडलेला कमानीचा मोडका लोखंडी पाटा मागून घेतला. दर्शनाला चल म्हटलं, तर "भट्टी निवंल," म्हणाली.

घाट उतरताना पेडल दगडासारखं घट्ट होतं. येरमाळ्याला यात्रेच्या रिवाजाप्रमाणं सगळ्यांबरोबर मीही देवळाच्या चुन्यासाठी पांढरे खडे वेचले. तेलकट हातांनी ते काळे होत होते, तरी वेचले.

दुसऱ्या दिवशी परतल्यावर आधी चाचांकडं गेलो आणि सगळं सांगितलं, मान हलवली तेही. ते हात पुसत राहिले. मग म्हणाले, "मेरे को हवा का आवाज आया था. तू बोला पकड्या हूँ, तो मैं मान लिया."

त्यानंतर मी खूप देवळं पाहिली. शरण जाणं म्हणजे हात जोडणं, असं मला वाटे. सांगणारा दिसत नसताना, पाय थरथरत असताना, तो सांगेपर्यंत थांबून राहणं हे मी फक्त त्या बाईत पाहिलं. लोक म्हणतात, आईनं तीस माणसं राखली. मी म्हणतो, गॅरेजात बसलेल्या ज्या एका माणसाला आपल्या जिवावर काय बेतलंय याचा पत्ताही नव्हता, त्याला आईनं राखलं. माझ्या हातून नव्हे. माझा हात तर चाकाखाली निपचित पडला होता. तो आईनं थांबवला की माझ्या भीतीनं, हे मी विचारत नाही. थांबला, म्हणून आज चाचांच्या नातवंडांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलता येतं. आई, तेवढं पुष्कळ झालं.