डोळे मिटून फिरवलेल्या काठ्या

सुमे, फोन नीट कानाशी धर आणि आधी बोलणी खा, महिनाभर काकूची आठवण नाही! अगं, खांदा दुखावल्यापासून तुझ्या काकांचा चेंडू रोज भलतीकडे जायचा. गोल्फ सोडतोच म्हणाले. मग खांद्याला झेपेल असा संच करून घ्यायला नोएडात गोल्फच्या काठ्या बनवणाऱ्या एकाकडे गेलो. सगळ्यांचा भार सारखा करायला तो काठीला शिशाची पट्टी चिकटवायचा, फिरवायचा, मान हलवून पट्टी पुन्हा खरवडायचा. शेवटी, कधीही न खेळलेल्या मला म्हणाला, “आंटीजी, आँखें बंद करके घुमाइए.” लांब, आखूड, सगळ्या फिरवल्या, हाताला एकसारख्याच लागल्या. “हाथ को फ़र्क पता न चले, तभी सेट बना!” म्हणत त्याने स्वतःलाच टाळी दिली. नाव विचारायचं राहिलंच बघ. काका आता चहाआधीच मैदानावर पळतात. लवकर ये, डोळे मिटायला लावून तुझ्याही हातात या काठ्या देते.