अर्ध्या अश्वशक्तीचा अर्ज

मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात कारकून होतो. सांगायला काही फार मोठं पद नाही, पण आमच्या टेबलावर एक नियम होता, आणि तो मी धर्मासारखा पाळायचो: अर्जातला एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. रकाना रिकामा दिसला की मी अर्ज परत करायचो. समोरचा माणूस हात जोडून म्हणायचा, "साहेब, यात लिहिण्यासारखं काही नाही हो." मी म्हणायचो, "मग तसं लिहा." एवढी अक्कल दुसऱ्याला शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरी काय केलं, ते सांगतो.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. नाशिकची महानगरपालिका व्हायची होती, तेव्हा नगरपालिकाच होती. द्वारका चौकापासून सायकलने दहा मिनिटांवर एका नव्या कॉलनीत आम्ही तळमजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. पुढच्या व्हरांड्यात आमच्या हिने एका बाकड्याला शेवयांचं यंत्र आवळून बसवलं होतं. पितळी, हाताने फिरवायचं. होळी झाली की बायका रवा-मैदा आणून द्यायच्या. ही तो मळायची, मुरवायची, यंत्रातून काढायची आणि काठ्यांवर वाळत घालायची. देवळाली कॅम्पातून एक सुभेदारीणबाई बसने डबे घेऊन यायच्या. वर्षातले दोन महिने हे काम आणि उरलेले दहा महिने त्याची आठवण, असं हिचं होतं. त्या दोन महिन्यांत ती माझ्याशी जरा कमी बोलायची, पण गुणगुणायची फार.

ऑफिसात एकजण सहज बोलून गेला, "निवासी भागात धंदा चालत नाही हं. परवाना काढलाय का वहिनींनी?"

कोणी तक्रार केली नव्हती. कोणी विचारलंही नव्हतं. पण मी कारकून. दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेतून छापील अर्ज आणला.

"अहो, कशाला?" ही म्हणाली. "शेवयांना कोण परवाना मागतं?"

"अगं, कायद्याने वागलेलं बरं."

"मग माझ्या पोळपाटालाही काढा एक."

मी ऐकलं नाही. रात्री जेवल्यावर अर्ज पुढ्यात घेतला. नाव, पत्ता, जागेचं क्षेत्रफळ, सगळं सुरळीत झालं. मग रकाना आला: यंत्राची अश्वशक्ती. आता हाताने फिरवायच्या यंत्राला कसली आलीय अश्वशक्ती? 'नाही' असं दोन अक्षरांत लिहून मोकळं व्हायचं सोडून मी विचार करत बसलो. टांग्याचा घोडा पाच माणसं ओढतो. ही घट्ट पीठ यंत्रातून ओढते, तेही न दमता. एक घोडा म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पाव म्हटलं तर हिचा अपमान. मी सुबक अक्षरात लिहिलं: अर्धी. पुढचा रकाना कामगारांचा होता. रविवारी दांडा मी फिरवायचो, म्हणून तिथे लिहिलं: दोन.

तीन आठवड्यांनी नगरपालिकेचा शिपाई दारात उभा. हातात नोटीस. 'निवासी विभागात यंत्रशक्तीवर चालणाऱ्या उद्योगास परवानगी देता येत नाही. सदर उद्योग पंधरा दिवसांत बंद करावा, अन्यथा यंत्र जप्त करण्यात येईल.'

मी म्हटलं, "अहो, पण हे हातानं चालतं."

शिपाई सिन्नरकडचा असावा. यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मंग तसं लिवायचं ना साहेब. आपल्याच हातानं असं कुनी लिवून देतं व्हय? लय शिकलेलं दिसता."

त्या वेळी भिंतीला लागून एकतीस घरांचा रवा ठेवलेला होता. प्रत्येक पिशवीला नावाची चिठ्ठी. हिने नोटीस दोनदा वाचली आणि पिशव्यांकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"एकतीस दारी जाऊन काय सांगू?" एवढंच म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी कोण येईल माझ्याकडे?"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी नगरपालिकेत गेलो. चूक दुरुस्त करायची म्हटलं. तिथला कारकून माझ्याच जातकुळीचा निघाला. म्हणाला, "दाखल झालेल्या अर्जात खाडाखोड चालत नाही. निरीक्षक साहेब जागा पाहतील." हेच वाक्य मी कितीजणांना ऐकवलं असेल!

आठव्या दिवशी निरीक्षक आले. आल्या आल्या वाकून बाकड्याखाली बघितलं. मग यंत्राच्या मागे. मग वायर कुठे दिसते का म्हणून भिंतीवर.

"मोटार कुठाय?"

"मोटार नाहीच, साहेब," मी म्हटलं.

"अर्जात अर्ध्या अश्वशक्तीची आहे."

ही पदराला हात पुसत पुढे आली. "साहेब, ती बघा, तुमच्यासमोर उभी आहे. रविवारीच चालते, आणि तेही चहा घातला तर."

निरीक्षक हसले नाहीत. पण चहा घेतला. मग म्हणाले, "हातयंत्राला आमची हरकत नाही. परवानाही लागत नाही. पण कागदावर मोटार आहे. मोटार काढून टाकल्याचं लिहून द्या आणि पंच म्हणून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या."

मी ताठ झालो. "जी नव्हतीच ती काढून टाकली, असं खोटं कसं लिहू?"

"अहो," ही दातओठ खात म्हणाली, "होती असं खोटं लिहिताना नाही सुचलं ते? लिहा."

लिहिलं. वरच्या मजल्यावरच्या शाळामास्तरीणबाई सहीला आल्या. त्यांची पिशवीही त्या एकतिसांत होती. सही करता करता म्हणाल्या, "नसलेल्या मोटारीला निरोप द्यायला पहिल्यांदाच आलेय. हळदीकुंकू आहे का?" दुसरी सही समोरच्या शिंपीचाचांची. त्यांनी आधी कागद वाचला, मग विचारलं, "भाईसाब, मोटार विकली कितीला?"

निरीक्षकांनी नोटीस रद्द केल्याचं तिथेच लिहून दिलं आणि जाताना जरा घुटमळले. "घरी शेवया लागतातच," म्हणाले. "रवा पाठवू का?"

"बत्तिसावा नंबर आहे," ही म्हणाली. "मधे घालणार नाही."

एकतीस घरांच्या शेवया वेळेत झाल्या, बत्तिसाव्याच्याही. पुढच्या वर्षी पिशव्या बावन्न आल्या. नोटिशीची बातमी कॉलनीबाहेरही गेली होती. मग हिच्या डोक्यात खरोखरच मोटारीचं यंत्र घ्यायचं आलं. निवासी भागात ते चालणार नाही हे आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर हिने द्वारकेजवळ पत्र्याचं शेड भाड्याने घेतलेलं, अर्ज केलेला आणि परवाना हातात.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "अर्ज मी लिहून दिला असता."

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि शेडची किल्ली कमरेला खोचून पीठ मळायला गेली.