कटपीस मॅडम

माझ्या गाइडना अख्खा विभाग 'कटपीस मॅडम' म्हणायचा. आपण सीव्हीचा ताका घेऊन त्यांच्या खोलीत जायचं आणि कटपीस घेऊन बाहेर यायचं, म्हणून. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून त्या एकच विचारायच्या, "हे तू केलंस, की तुझ्यादेखत झालं?" आवाज कधी चढवायच्या नाहीत. तेच जास्त डोक्यात जायचं.

पीएचडीचं शेवटचं वर्ष होतं. नवागामच्या लूम कामगारांच्या घरातल्या बायका हा माझा विषय. पुण्यातल्या एका फेलोशिपसाठी अर्ज करायचा होता. मिळाली तर पुढचं संशोधन, नाहीतर रिंग रोडच्या कापड मार्केटात बिलं करायची नोकरी. ती माझ्या वडिलांनी, अप्पांनी, शेठला सांगून ठेवलीच होती. मी जीव तोडून पाच पानांचा सीव्ही केला आणि मॅडमनी त्याची पार वाट लावली.

परिषदेचं 'आयोजन' केलं म्हणजे काय केलं? पाहुण्यांना बिल्ले वाटले होते. ओळ गेली. कार्यशाळा तर सगळ्याच माझ्यादेखत झालेल्या, त्याही गेल्या. 'प्रकाशनाच्या मार्गावर' असलेला लेख अजून लिहायचाच होता. धरा, माझी गुजराती मैत्रीण, म्हणाली होती, "लखी नाख ने, कोण जोवानुं छे?" बघणाऱ्या मॅडम होत्या, हाच तर वांधा होता. मी म्हटलं, "मॅडम, सगळे असंच लिहितात." "लिहू देत की. त्यांचे सीव्ही माझ्याकडे आलेले नाहीत."

लिंबायतला घरी आले तर अप्पांनी उरलेलं दीड पान उलटसुलट करून पाहिलं. "माय, यामा तुनं काय ऱ्हायनं मंग?" जन्म लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे अप्पा मुळात ओरडूनच बोलतात. माझ्या सीव्हीत काही उरलं नाही हे सगळ्या गल्लीला कळलं. रडूच आलं मला.

दुसऱ्या दिवशी हे सगळं अप्पांच्या शब्दांसकट मॅडमना ऐकवलं. समजूत वगैरे घालायची सोडून त्या भाषांची ओळ बघत बसल्या.

"यात अहिराणी कुठाय?"

"ती घरची भाषा आहे, मॅडम."

"अगं, नवागामच्या बायका तुझ्याशी काय इंग्रजीत बोलल्या? हे तू केलंयस. लिही."

सबंध सीव्हीत त्यांनी वाढवलेला हा एकच शब्द. मला वाटलं, संपलं. पाच पानं कापून बाईंनी वर अहिराणी चिकटवली, आता बसा बिलं करत.

मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच शब्दावर आला आणि मी बोलतच सुटले. फेलोशिप मिळाली. धावत फोन केला, तर मॅडम म्हणाल्या, "बरं. आता तो लेख लिही." कौतुकाचा एक शब्द नाही. इतका संताप आला.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभात त्यांचा परिचय मी वाचायचं ठरलं. आधी तो त्यांना दाखवायला गेले, हीच चूक झाली. बोट ओळीओळींवरून फिरायला लागलं. 'अनेक विद्यार्थ्यांना घडवलं' इथे ते थांबलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं आणि ती ओळ खोडली.

"हे माझ्यादेखत झालं," त्या म्हणाल्या.

त्यांचं तेवढं एक मी ऐकलं नाही. समारंभात ती ओळ मी वाचलीच, अप्पांच्या आवाजात, पार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी.