नत्थूजींचा भोंगा बंद होता

हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरात दोन प्रकारची माणसं धावपळीत असतात. एक मंत्री आणि दुसरे आमच्या गल्लीतले नत्थूजी शेंडे. मंत्र्यांची धावपळ दोन आठवड्यांत आटोपते. नत्थूजींची दिवाळीपासूनच सुरू व्हायची. ऑटोच्या टपावरचे दोन भोंगे पुसायचे, वायरींना नव्या पट्ट्या गुंडाळायच्या, बॅटरी तपासून आणायची. राज्याच्या कुठल्याही कोपऱ्यातून मोर्चा येवो, त्याला आवाज नत्थूजींचा. गेल्या डिसेंबरात मात्र तो ऑटो अधिवेशनभर गल्लीतच उभा होता आणि त्याच्या टपावर शेजारणीने गोधड्या वाळत घातल्या होत्या. असं का झालं ते मला नीट माहीत आहे, कारण त्यांचा जबाब मीच टाइप केला.

मी सरकारी स्टेनो. सत्तावीस वर्षं लोक बोलतात आणि मी बडवते. नत्थूजी माझ्यापासून तिसऱ्या घरात राहतात. त्यांच्या भोंग्याविरुद्ध मी दोनदा लेखी तक्रार केली आहे, एकदा मुलीच्या परीक्षेच्या वेळी आणि एकदा नुसतीच, वैतागून. दोन्ही वेळा त्यांनी "बरोबर हाय मॅडम" असं म्हणून भोंग्याचं तोंड माझ्या खिडकीकडून समोरच्यांच्या खिडकीकडे वळवलं. साठीला आलेला बुटका माणूस, भोंग्याशेजारी बसून बसून डावा कान गेलेला. चौदा एप्रिलला आणि दसऱ्याला त्यांचा भोंगा वस्तीसाठी असतो, त्या दिवशी बाहेरचं काम घ्यायचं नाही हा त्यांचा नेम. राग येत नाही, भांडता येत नाही. असा शेजारी फार त्रासदायक असतो.

मोर्चाची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पोलीस मोर्चा एका ठरलेल्या जागी अडवतात. तिथे लोखंडी कठडे असतात. चार-पाच जणांचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन मंत्र्याकडे जातं आणि बाकीचे रस्त्यावर बसून डबे उघडतात. मग ठाण्याचे साहेब येतात, मोर्चाचाच माइक हातात घेतात आणि दोन गोड शब्द बोलतात. पोलिसांच्या गाडीवर भोंगा असतो, पण त्याच्याकडे कोणी मान वळवत नाही. आपल्याच भोंग्यातून आवाज आला की सगळे ऐकतात. हे इथल्या प्रत्येक पोलिसाला ठाऊक आहे.

नत्थूजींचीही एक रीत होती. शिष्टमंडळ आत गेलं की ते मशीन बंद करत. मशीन म्हणजे ऑटोतल्या मागच्या सीटवरचा तो डबा, ज्यातून आवाज मोठा होतो. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरवायची तर तासभर फुकट कशाला जाळायची, हा हिशेब. इथले साहेब माइक उचलण्याआधी हाक मारत, "नत्थू, लाव गा." मग ते चहाचा कप ठेवून येत आणि खटका दाबत. वीस वर्षांत त्यात कधी चूक झाली नव्हती.

गोधड्या वाळल्या त्याच्या आदल्या वर्षीच्या अधिवेशनात मोर्चा होता शाळांमध्ये खिचडी शिजवणाऱ्या बायांचा. हातात झारे आणि ताटल्या, तीच त्यांची निशाणी. शिष्टमंडळ आत गेलं, बाया रस्त्यावर बसल्या, नत्थूजी मशीन बंद करून चहाला गेले. पलीकडच्या टोकाला काही तरुण कठडा हलवत होते. तो कठडा एका शिपायाच्या पायावर पडला. बंदोबस्ताला त्या दिवशी बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले साहेब होते. मोर्चाच्याच माइकवरून बोलायचं एवढं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. नत्थूला हाक मारायची, हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी हेल्मेट घातलेलं, भोंग्यांची तोंडं त्यांच्याकडे पाठ करून, त्या तरुणांच्या घोषणा टिपेला; भोंगा बंद आहे हे त्यांना कळलंच नाही. त्यांनी तीनदा इशारा दिला. तो त्यांनाच काय तो ऐकू गेला असेल. मग लाठ्या सुरू झाल्या.

पुढचा महिनाभर हा विषय सगळीकडे चघळला गेला. पोलिसांच्याच चित्रीकरणात साहेब माइकमध्ये बोलताना दिसत होते, ऐकू मात्र घोषणाच येत होत्या. एका वाहिनीने पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ लावलं आणि दाखवलं की तिसरा इशारा संपल्यापासून पहिली लाठी पडेपर्यंत अठरा सेकंद गेले. एक निवृत्त अधिकारी म्हणाले, अठरा सेकंद पुरेसे आहेत. एका वकिलांनी विचारलं, नि:शस्त्र बायांवर लाठी कशी? त्यावर एका प्रवक्त्याने झारा हे हत्यार होऊ शकतं की नाही यावर पाऊण तास काढला. आमच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता लोक दोन तट पडून भांडत होते. एक म्हणायचा, इशारा दिला. दुसरा म्हणायचा, दिलाच नाही. खरं माहीत असलेला माणूस त्याच ठेल्यावर उभा असायचा आणि एक शब्द बोलत नसायचा.

त्या लाठीने ज्यांचे हात मोडले त्यात जयवंताबाई होती, नत्थूजींच्या बायकोची धाकटी बहीण. कन्हानच्या शाळेत एकोणीस वर्षं चुलीपुढे उकिडवं बसून तिने खिचडी ढवळली. उजवा हात मनगटाच्या वर दोन ठिकाणी मोडला, तोच ढवळायचा हात. प्लास्टर घालून ती नत्थूजींकडे राहिली होती. वाहिनीवाले आले की ती शांतपणे सांगायची, कोणी काही बोललंच नाही, बोलले असते तर आम्ही ऐकलं नसतं काय, आम्ही शाळेत काम करणाऱ्या बाया आहोत.

चौकशी लागली आणि नत्थूजींना साक्षीचं बोलावणं आलं. खिचडीवाल्या बायांच्या संघटनेच्या मेघाताई घरी आल्या. म्हणाल्या, एवढंच सांगा की इशारा दिला गेला नाही. संध्याकाळी ठाण्यातला प्रीतम नावाचा हवालदार आला, नत्थूजींच्या ओळखीचा, चांगला मुलगा. तो म्हणाला, एवढंच सांगा की भोंगा चालू होता. दोघांनीही चहा घेतला. दोघांच्याही बोलण्यात दमदाटी नव्हती, आणि दोघांनाही पुढच्या अधिवेशनाची आठवण करून द्यावीशी वाटली. एकाशिवाय मोर्चे मिळत नाहीत, दुसऱ्याशिवाय परवानगी.

त्या रविवारी दुपारी मी जयवंताबाईला पाहायला गेले होते. अंगणात ती संत्रं सोलायचा प्रयत्न करत होती, एका हाताने जमत नव्हतं. नत्थूजींनी ते तिच्या हातून घेतलं, सोललं, फोडी तिच्यापुढे ठेवल्या आणि बसले. मग माझ्यासमोरच बोलले.

"जयवंता, थो सायेब बोलला होता. मशीन मी बंद केली होती."

तिला आधी कळलंच नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, रीत, बॅटरी, चहा, सगळं. तिने डाव्या हाताने फोडी बाजूला सारल्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि उठवेना.

"मंग मी महिनाभर टीव्हीवर खोटं बोलून राहिली काय, भाऊजी?"

"खोटं नाई. तुले ऐकूच नाई आलं."

"आता सारे म्हणतीन, पोलिसाची काही चूक नाई, यायच्याच भोंगेवाल्यानं मारलं यायले." तिचा आवाज चढला नाही. "हे तिथं सांगसान तुमी?"

नत्थूजी म्हणाले, सांगतो. त्याच संध्याकाळी तिने एका हाताने पिशवी भरली आणि कामठीवरून कन्हानला जाणारी बस धरली. बहिणीने अडवलं, ती थांबली नाही. नत्थूजी फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मला त्यांचा राग आला. वीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं मोठं करून सांगणाऱ्या या माणसाला नेमकं आत्ताच स्वतःचं तोंड उघडायचं होतं. गप्प बसले असते तर कोणाच्या बापाला कळलं असतं? हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "मले त माहीत हाय ना मॅडम."

दोन महिन्यांनी साक्षी झाल्या. चौकशी करणाऱ्या मॅडमना मी आधीच सांगितलं की साक्षीदार माझा शेजारी आहे, दुसरा स्टेनो घ्या. त्या म्हणाल्या, नागपुरात भोंगेवाल्याला न ओळखणारा स्टेनो मी कुठून आणू? मग मीच बसले.

नत्थूजींनी सगळं सांगितलं. मशीन कधी बंद केली, खटका कुठे असतो, हाक मारायची रीत. पोलिसांच्या वकिलाचा चेहरा खुलला. त्याने विचारलं, म्हणजे साहेबांनी इशारा दिला आणि तो तुमच्या चुकीमुळे पोचला नाही, असंच ना? नत्थूजी म्हणाले, असंच. मागच्या खुर्चीवर मेघाताईंनी कपाळावर हात मारला. नत्थूजींच्या हातून पुढच्या वर्षीचा मोर्चा गेला हे मला तेव्हाच कळलं. वकील बसायला लागला तेव्हा नत्थूजी मॅडमकडे वळले.

"मॅडम, एक लिहून घ्या जी. माही चूक हाय. पण बाया बसून होत्या. थे त बिना भोंग्याचं दिसते."

वकील म्हणाला, हा प्रश्नच विचारलेला नाही, हे जबाबात घेऊ नये. नियमाने त्याचं बरोबर होतं. माझी बोटं थांबली. मॅडमनी माझ्याकडे न पाहताच सांगितलं, घ्या. नत्थूजींनी सही केली, गळ्यातला गमछा सारखा केला आणि बाहेर गेले. त्या सहीनंतर त्यांना ना मोर्चेवाल्यांनी बोलावलं, ना ठाण्याने परवानगीचा कागद लवकर दिला. गोधड्यांचं कारण ते.

पुढची साक्ष जयवंताबाईची होती. ती व्हरांड्यात फरशीवर बसली होती. बाक रिकामा होता, पण सवय चुलीपुढची. आमच्या कचेरीच्या शिपायाने दारात उभं राहून, तिच्याकडे न पाहता, नावाचा पुकारा केला. तीनदा पुकारायचं आणि कोणी आलं नाही तर गैरहजर लिहायचं, ही आमची रीत. त्याने तिन्ही पुकारे एका दमात उरकले, आत वळला आणि म्हणाला, "हजर नाही, मॅडम."

मला मात्र दारातून ती दिसत होती. पहिल्या पुकाऱ्यालाच ती हलली होती. डावा हात फरशीवर टेकवला, एक गुडघा उचलला, तो आखडला, ती पुन्हा बसली. प्लास्टर काढलेला उजवा हात तिने टेकवून पाहिला आणि लगेच उचलून घेतला. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाहून नत्थूजी आले आणि तिच्यापुढे हात धरून उभे राहिले. दोन महिने ती त्यांच्याशी बोलली नव्हती. तिने त्या हाताकडे पाहिलं. नत्थूजी म्हणाले, "उठ वं. हळू." तिने हात धरला.

माझ्या समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे, त्याला सेकंदकाटाही आहे; वाहिनीवरचे ते अठरा सेकंद तो केव्हाच ओलांडून गेला होता. मी मान वळवली तर मॅडमही त्याच घड्याळाकडे पाहत होत्या. जयवंताबाई दारात येऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी शिपायाला सांगितलं, गैरहजर लिहू नका. मग मला म्हणाल्या, लिहा.

मी विचारलं, काय लिहू?

त्या म्हणाल्या, तुम्ही जे पाहिलंत ते.

मी लिहिलं, तिसऱ्या पुकाऱ्यापासून साक्षीदार उभी राहेपर्यंत बावन्न सेकंद. तेही नत्थूजींनी हात दिला म्हणून.