जर्मनांच्या धावपट्टीवरची मेंढरं

धुतलेलं घोंगडं उन्हात टाकलं की ओल्या लोकरीचा वास सुटतो. काल तो वास नाकात असतानाच बारामतीचं शिकाऊ विमान घरावरून गेलं, आणि मला माझे वडील, आबा, आठवले.

आबा मोठ्या लढाईत जर्मनांच्या कैदेत सापडले होते. वरकुट्याचा धनगर म्हणून त्यांना तिथल्या लष्करी विमानतळावर मेंढरं राखायला लावलं, गवत आखूड राहावं म्हणून. गाव त्यावरून हसायचं. मी चौथीत होते. मला बापाची लाज वाटायची.

एकदा पारावर शेजारचे तात्या म्हणाले, "धोंडिबा, लढायला गेलास अन् जर्मनाची मेंढरं वळून आलास व्हय?"

सगळे हसले. मी आबांचं बोट सोडलं.

"वळली की," आबा म्हणाले. "एकदा पहाटं अंधारातच बॉम्ब भरून इमानं उठायची हुती. मी सगळा कळप धावपट्टीवर बसवला. माझ्या हाळीबिगर एक मेंढरू उठंना. शिपाई म्हणं, हाळी दे. मी गळ्याला हात लावून दावला, घसा बसलाय. त्यानं बंदुकीच्या दस्त्यानं ह्ये दोन दात पाडलं. तवर चांगलं उजाडलं हुतं, इमानं जाग्यावरच."

ते दात एडक्याच्या धडकेनं पडले, असंच मी समजत होते.

कुणी हसलं नाही. तात्या सरकले आणि त्यांनी आबांना शेजारी बसायला जागा दिली. मी पुन्हा बोट धरलं. आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आता विमान गेलं की मी सुनेला सांगते, "माझ्या बापानं असली खोळंबून ठेवली हुती."