तो शेवट जुलेखाबाईंचा नव्हता

जुलेखा परकार गेल्याचं मला आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. इथे अमिरातीत, अल ऐनला मुलाच्या घरी मी चहा घेत होतो. बातमीखाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि पाच मिनिटांत कुणीतरी त्यांच्या एकमेव कथेचा शेवट टाकला. ‘ज्वाळांनी त्याला कुशीत घेतलं आणि तिचं प्रेम मुक्त झालं…’ त्याखाली लोक लिहू लागले, काय ही लेखणी, धर्मापलीकडे गेलेली बाई. ते वाक्य जुलेखाबाईंचं नाही. ते भिकार वाक्य माझं आहे. त्यांना जाऊन पाच आठवडे झाले, त्याआधी ती कथा छापून आल्यावर बारा वर्षं गेली, आणि मी आज हे लिहितो आहे. गोड आठवणींच्या अपेक्षेने हा लेख उघडला असेल तर इथेच थांबा. आमची मैत्री नव्हती. त्यांना माझा तिरस्कार होता आणि तो रास्त होता.

तेव्हा मी मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक होतो. जुलेखाबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, अजमानच्या एका शाळेत ग्रंथालय सांभाळायच्या. त्यांचे यजमान इक्बाल जबल अलीच्या एका गोदामात सुपरवायझर होते. एका सकाळी कंपनीच्या बसने कामाला गेले आणि तिथेच कोसळले. शारजाच्या कब्रस्तानात दफन झालं. त्यानंतर साडेचार-पाच महिन्यांनी बाई माझ्या ऑफिसात आल्या आणि टेबलावर हाताने लिहिलेल्या पानांची फाइल ठेवली.

“इद्दतीत लिहिलंय,” त्या म्हणाल्या. विधवेने चार महिने दहा दिवस घरात राहायचं, तो काळ. “झॉम्बीची गोष्ट आहे. प्रेमकथा.”

“दिवाळी अंकात मुडदा कसा चालेल, जुलेखाबाई?”

“का? दरवर्षी संपादकीय चालतंच की.”

झॉम्बी मला नातवाच्या टीव्हीवरून ठाऊक होते. ते माणसं फाडून खातात, नाहीतर कुणा मुलीच्या प्रेमाने बरे होतात. जुलेखाबाईंच्या गोष्टीत यातलं काहीच होत नाही. मेलेला नवरा पहाटे परत येतो आणि सवयीने कंपनीच्या बसच्या रांगेत उभा राहतो. ड्रायव्हर म्हणतो, “खलास, तुझा व्हिसा कॅन्सल झाला.” म्हणून तो घरी येतो. त्याला लग्न आठवत नाही, ही आपली बायको आहे हेही आठवत नाही. जिवंतपणी अठरा वर्षांत ज्याने तिला कधी ‘दमलीस का’ म्हणून विचारलं नाही, तो आता परक्या बाईच्या प्रेमात पडावं तसा तिच्या प्रेमात पडतो. आणि ती संतापते. मेल्यावर शहाणा झालास, म्हणते.

मी विचारलं, “हा कुणाला खात कसा नाही?”

“त्याला भूक नाही. भूक तिला आहे. नीट वाचा.”

मी नीट वाचलं नाही. त्यांचा शेवट मला शेवट वाटला नाही. अंक छपाईला जायचा होता. एका दुपारी मी त्यांची शेवटची दोन पानं बाजूला काढली आणि स्वतः अकरा ओळी लिहिल्या. बायको आपल्या हातांनी त्या मुडद्याला अग्नी देते आणि त्याला मुक्ती मिळते. बाईंना एक फोन करायचा होता, केला नाही. संपादकाचा हक्कच असतो असं मी समजत होतो. ज्यांच्यात मेलेल्या माणसासाठी आगीपासून वाचव म्हणून दुआ मागतात, त्या घरातल्या बाईच्या नावाने मी तिच्या माणसाला चितेवर ठेवला, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान शत्रू तरी ठरलो असतो.

अंक गाजला. किती मोठं मन, असं जो तो म्हणू लागला. बाई आल्या तेव्हा मी अभिनंदनासाठी उठलोही होतो.

“माझ्या नवऱ्याला जाळलंत तुम्ही.”

“अहो, ती कथा आहे.”

“तुमच्यासाठी. माझी पानं द्या.”

पानं माझ्या ड्रॉवरमध्ये होती. छापखान्यात गहाळ झाली, असं मी सांगितलं. त्यांनी खरा शेवट दुसरीकडे छापला असता तर लोकांनी दोन्ही ताडून पाहिले असते, आणि ते मला नको होतं. तोवर कुणीतरी अंक रत्नागिरीला पोचवला होता. त्यांच्या दिराने फोन करून सांगितलं, या घराची पायरी पुन्हा चढू नकोस. भावाला जाळणारी भावजय त्याला नको होती. ती पायरी बाईंनी मरेपर्यंत चढली नाही. तो शेवट मी लिहिलेला नाही, असं त्यांनी दिराला सांगितलं. पण पुरावा माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

पुन्हा लिहा ना, असं मी एकदा निर्लज्जपणे सुचवलं होतं.

“मय्यतीला आंघोळ एकदाच घालतात, जोगळेकर.”

पुढे कार्यक्रमांत समोर आल्या की त्या नव्या माणसांशी माझी ओळख करून द्यायच्या, “हे जोगळेकर. मुडदे जाळतात.” लोक हसायचे. मीही हसायचो…

शोकसभेत अध्यक्षांनी तोच परिच्छेद वाचला. मला माइकवर बोलावलं. मी ‘साहित्यसेवा’ वगैरे दोन शब्द बोललो आणि खाली बसलो. बाहेर पडताना त्यांची मुलगी रुबीना भेटली. तिला आईच्या कथेचं छोटं पुस्तक काढायचं होतं.

“अंकल, फोरवर्ड, म्हणजे प्रस्तावना, तुम्ही लिहा. मम्मा तुमच्याबद्दल खूप बोलायची.”

“काय म्हणायची?”

“एल्डर्ससमोर सांगण्यासारखं नाही.”

गेल्या शुक्रवारी मी ती दोन पानं घेऊन अजमानला गेलो. दारातच सगळं सांगितलं. तिने आत बोलावलं, पण पाणी विचारलं नाही. भिंतीलगत इस्त्रीचं टेबल होतं. इद्दतीत मम्मा इथेच बसून लिहायची, असं ती म्हणाली. घडी केलेली चादर अजून त्यावर अंथरलेली होती, कडेला शाईचे डाग. मी पानं तिथे ठेवली.

“मला मराठी वाचता येत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही वाचा.”

मी वाचलं. ‘रोज सकाळी तो तिची पिशवी उचलून स्टॉपपर्यंत येतो. रोज विचारतो, माझ्याशी लग्न करशील? ती म्हणते, उद्या विचार. बस येते. तो हात करतो. बस वळेपर्यंत तिला तो दिसतो.’

“पप्पांनी तिची पिशवी कधीच उचलली नाही,” रुबीना म्हणाली. “नॉट वन्स.” मग तिने फोन काढून टेबलावर उभा केला. “हे चाचांना पाठवायचंय, रत्नागिरीला. आधी तुमचं नाव सांगा. मग काय केलंत ते. मग हे वाचा.”

मी नाव सांगितलं, केलेलं सांगितलं आणि वाचू लागलो. ‘उद्या विचार’पाशी माझा आवाज गेला.

“रडू नका, अंकल. रेकॉर्डिंग खराब होतंय,” रुबीना म्हणाली. तिने ते पुसून टाकलं आणि पुन्हा बटण दाबलं.

मी चादरीच्या कडेवर हात ठेवला आणि पुन्हा नाव सांगितलं.